बारावा रकाना

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत
टायरवाला आणि बर्फाचा कारखाना यांच्या मधे
शमीम सरगुरोहची शेड. पाटी नाही.
पत्ता नाकाला विचारायचा:
अर्धा वास शिळ्या समोशांचा,
अर्धा लिंबाच्या सालींचा,
दोन्ही जिथे भांडत असतील तिथे वळायचं.

मी तिचा हिशेबनीस, रविवारपुरता.

त्या वर्षी तिनं एक अर्ज माझ्यापुढे टाकला.
छोट्या, नीतीनं चालणाऱ्या धंद्यांना
बक्षीस देणारी कुठलीशी संस्था, बर्फाळ देशातली.
"तू लिही, मी सांगते," म्हणाली
आणि साबणाच्या कढईखालची आच कमी केली.

कचरा किती वाचवला?
अकरा हजार लिटर तेल, मी लिहिलं.
ती म्हणाली, लिटर काय लिहितोस,
मूसाची कॅफेटेरिया लिही,
जिथलं तेल तीन दिवस पराठे तळतं
आणि चौथ्या दिवशी मोरीत जायचं,
मोरीतून खाडीत,
खाडीतून तिवरांच्या नाकातोंडात.
मी म्हटलं, जागा दोनच ओळींची आहे.
मग बारीक लिही, म्हणाली.

ध्येयवाक्य?
बराच वेळ कढई ढवळत राहिली.
"कुणाचं बुडवायचं नाही. पाण्याचंसुद्धा."
मी त्याचं इंग्रजीत काहीतरी केलं.
ते आजही मला आवडत नाही.

कर्मचारी: पाच.
दिलमाया, जिची वडी वजनकाट्याला विचारत नाही.
बारिसालचा तोफज्जल, ज्याला तेलाच्या रंगावरून कळतं
आधी मासा तळला की भजी.
कुंजुमोन, डबे गोळा करतो,
बदल्यात चहा पितो, दिवसाला चौदा.
आणखी दोघी, नाव नको म्हणाल्या.

मग बारावा रकाना:
समाजावर झालेला परिणाम. आकड्यांत द्यावा.

शमीम उठली.
कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं.
पाच कप्पे, पाच कुलुपं,
आणि एकही किल्ली तिच्याकडे नाही.
किल्ल्या ज्याच्या त्याच्या गळ्यात, कमरेला.
आत ज्याचा त्याचा पासपोर्ट.

"अब्बांचा पासपोर्ट नऊ वर्षं
दुसऱ्याच्या खणात होता.
दापोलीहून तार आली
तेव्हा खणाचा मालक शिकारीला गेलेला.
अब्बा पोचले ते चाळिसाव्याला.
लिही आता, आकड्यांत."

मी लिहिलं: शून्य.
मालकिणीच्या ताब्यातले पासपोर्ट, शून्य.

महिन्याभरानं परीक्षकांचा फोन.
बाराव्यात चुकून शून्य पडलंय का?
नाही, म्हणालो, तेवढंच बरोबर आहे,
बाकीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील.

तिसरं बक्षीस.
(पहिलं बांबूच्या ब्रशवाल्याला. चांगला माणूस होता.)
दुबईत, बेचाळिसाव्या मजल्यावर,
सभागृहात इतका गारठा
की तिनं ओढणी दोनदा गुंडाळली,
आणि निसर्ग वाचवा म्हणणाऱ्या पडद्यावर
धबधबा कोसळत होता, आवाज बंद करून.
भाषणाला दोन मिनिटं दिलेली.
तिनं पाच नावं घेतली, दोघींची हळूच,
आणि खाली उतरली.

काचेचं पान नंतर कुरियरनं आलं,
थर्माकोलच्या दाण्यांत पुरलेलं.
दाणे शेडभर उडाले.
तासभर ती गुडघ्यांवर बसून वेचत होती,
एकेक, केसातले सुद्धा,
आणि बर्फाळ देशाला अस्सल बाणकोटीत
काहीतरी म्हणत होती, जे मी लिहिणार नाही.

पैशांतून एक पंखा आला, गरम हवा बाहेर फेकणारा.
आणि तोफज्जलचं तिकीट.
जायच्या सकाळी त्यानं कुलूप उघडलं,
पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला,
वरून दोनदा थोपटला,
कुणाला काही विचारलं नाही.
शमीम साबणाच्या वड्या मोजत होती. मान वर केली नाही,
फक्त मोजणी चुकली, पुन्हा एकपासून सुरू केली.

पान कपाटावर असतं.
वाळूचा वारा सुटला की दिलमाया त्याखाली बिलं दाबते.

थर्माकोलची पिशवी अजून दाराला टांगलेली आहे.
कुणाला काही सुचलं तर सांगा.